प्रेक्षकांची मोजदाद आणि भरतमुनींची सिद्धी

रामकथेला श्रोते किती जमले, हे विचारण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. मात्र त्याचे उत्तर आकड्यात देण्याची रीत नव्हती. मंडप भरला होता, ओसरीवर माणूस मावत नव्हते, देवळाच्या पायऱ्यांवर बायाबापड्या दाटीवाटीने बसल्या होत्या, एवढे ऐकले की गावाचे समाधान होत असे. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून नवमीपर्यंत चालणाऱ्या रामनवरात्रात एखाद्या हरिदासाचा मंडप भरला आणि दुसऱ्याचा अर्धा रिकामा राहिला, तरी त्याची वहीत नोंद होत नसे. ती लोकांच्या जिभेवर राहत असे, आणि पुढील वर्षीच्या आमंत्रणाच्या वेळी हळूच प्रकट होत असे.

आता रामकथेलाही आकडा चिकटला आहे. 2020 च्या चैत्रात, महामारीमुळे सारा देश घरात बसला असता, दूरदर्शनने श्री. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका 28 मार्चपासून पुन्हा दाखविण्यास आरंभ केला. सकाळी नऊ वाजता एकदा आणि रात्री नऊ वाजता एकदा. त्या वर्षीची रामनवमी 2 एप्रिलला, म्हणजे या पुनःप्रक्षेपणाच्या पहिल्याच आठवड्यात आली होती. देशभरची राममंदिरे बंद, आणि रामकथा मात्र घरोघरी चालू, असा योग पूर्वी कधी आला नसेल. महिनाअखेरीस दूरदर्शनने जाहीर केले की, 16 एप्रिल रोजी या मालिकेस 7 कोटी 70 लक्ष प्रेक्षक लाभले असून, मनोरंजनाच्या कार्यक्रमांत हा जागतिक विक्रम होय. त्या दिवसापासून हा आकडा व्याख्यानांतून, प्रवचनांतून आणि आमच्या कीर्तनांतूनही फिरत आहे. कोणी त्यावरून धर्मश्रद्धेच्या पुनरुत्थानाचे अनुमान काढतो. कोणी उपहासाने म्हणतो की दुसरे काही पाहावयास नव्हते म्हणून लोकांनी ते पाहिले. आकडा एकच आणि अर्थ दोन. शिवाय दोन्ही पक्षांना आपापल्या अर्थाविषयी तिळमात्र शंका नाही! अशा वेळी तो आकडा आला कोठून आणि त्याच्यात बोलण्याची शक्ती किती, हे पाहणे इष्ट ठरते.

शितावरून भाताची परीक्षा

दूरचित्रवाणीचे प्रेक्षक मोजण्याचे काम आपल्या देशात 2015 पासून ‘बार्क’ ही संस्था करीत आहे. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात-संस्था यांनी मिळून ती स्थापिली. ही संस्था प्रत्येक घरी जात नाही. तसे जाणे शक्यही नाही. निवडक घरांतील संचांना ती एक लहानसे यंत्र जोडते. वाहिनीच्या ध्वनीत मिसळलेली, कानाला ऐकू न येणारी खूण ते यंत्र टिपते, आणि घरातील प्रत्येक माणसासाठी नेमलेली कळ दाबली की कोण पाहत बसले आहे याची नोंद होते. ही घरे कोणती, हे गुप्त ठेवलेले असते. 2020 साली अशी घरे सुमारे 44 हजार होती. पुढे ती संख्या वाढविण्यात आली. संस्थेच्याच 2018 च्या पाहणीप्रमाणे देशात दूरचित्रवाणी संच असलेली घरे 19 कोटी 70 लक्ष. भागाकार केला तर असे निघते की, यंत्र लावलेले एक घर सुमारे साडेचार हजार घरांच्या वतीने बोलते.

हे ऐकून पुष्कळ लोक नाक मुरडतात. मला मात्र त्यात काही अशास्त्रीय दिसत नाही. शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरच्या अन्नपूर्णा रोजच करीत आल्या आहेत. पातेले ढवळलेले असावे आणि शीत वरचेच उचललेले नसावे, एवढी काळजी घेतली की एक शीत साऱ्या भाताची साक्ष देऊ शकते. शहर आणि खेडे, धनिक आणि निर्धन, मराठी मुलूख आणि हिंदी मुलूख यांचे प्रमाण सांभाळून घरे निवडली असतील, तर 44 हजार ही संख्या थोडी नव्हे. भय दुसरेच आहे. शीत कोणते उचलले जाणार हे कोणा स्वार्थी मनुष्यास आधी कळले, तर तो तेवढेच शीत शिजवून ठेवील. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबईत असे आरोप झालेच, की काही घरांना पैसे देऊन ठराविक वाहिन्या लावून ठेवावयास सांगितले होते. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे प्रसिद्ध करणे संस्थेने थांबविले आणि ते मार्च 2022 पर्यंत थांबलेले होते. हा प्रकार अगदी नवा आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी नाट्यशास्त्रातील एक स्थळ पुढे सांगणार आहे.

मोजणी प्रामाणिक आहे असे धरून चालले तरी बेरजेत फसगत होऊ शकते. पहिल्या शनिवार-रविवारी ‘रामायण’ 17 कोटी लोकांनी पाहिले, अशी वार्ता तेव्हा सर्वत्र झळकली होती. तिचा हिशेब उलगडला तर तो असा दिसतो: शनिवारी सकाळी 3 कोटी 40 लक्ष, रात्री 4 कोटी 50 लक्ष, रविवारी सकाळी 4 कोटी, आणि रात्री 5 कोटी 10 लक्ष. या चारांची बेरीज बरोबर 17 कोटी होते. परंतु ज्या आजोबांनी चारही वेळा संचासमोर बैठक मारली, ते या बेरजेत चारदा मोजले गेले! आमच्या नवरात्रात रोज दोनशे श्रोते नऊ दिवस आले, तर अठराशे लोकांनी कथा ऐकली असे म्हणता येईल काय? दोनशेच लोकांनी नऊ दिवस ऐकली, असे म्हणावे लागेल. आणि माझ्या मते त्या विधानाची योग्यता अधिक आहे. एकदा येऊन गेलेल्या अठराशेंपेक्षा नऊ दिवस नेमाने आलेल्या दोनशेंना कथा जास्त पोचलेली असते.

तीच गोष्ट पाहण्याच्या कालावधीची. दोन तासांच्या कीर्तनात एक मनुष्य पाव तास डोकावून गेला आणि दुसरा आरतीपर्यंत बसला. ‘किती जण आले’ असे विचारले तर उत्तर दोन. ‘सरासरीने कोणत्याही क्षणी किती जण बसलेले होते’ असे विचारले तर उत्तर एकाहून किंचित अधिक. दूरचित्रवाणीच्या हिशेबात या दोन्ही प्रकारच्या संख्या असतात, आणि वृत्तपत्रात छापताना त्यांपैकी मोठी असेल ती पुढे येते, हे सांगणे नलगे.

जागतिक विक्रमाविषयी थोडेसेच. 28 फेब्रुवारी 1983 रोजी अमेरिकेत ‘मॅश’ नामक मालिकेचा अखेरचा भाग सुमारे 10 कोटी 60 लक्ष लोकांनी पाहिल्याची नोंद आहे, आणि त्या काळी त्या देशाची लोकसंख्या 23 कोटींच्या आसपास होती. तेव्हा विक्रमाचा दावा टिकत नाही. रामकथेला अशा विक्रमाची गरज काय, हेही मला उमगलेले नाही.

दोन चैत्र

मूळ ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात रविवारी सकाळी दाखविले गेले. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना रस्ते ओस पडल्याचे स्मरत असेल. संचाला हार घालणारे, उदबत्ती लावणारे, स्नान करूनच समोर बसणारे लोक आमच्याही गावी होते. एका आळीत एखाददुसरा संच. त्याच्यासमोर सारी आळी. चहाच्या दुकानात, विक्रीच्या संचांच्या काचेबाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीतून, असे माणूस मिळेल तेथून पाहत होते. आजचे यंत्र घरातील माणसांच्या कळा मोजते. शेजारच्या खिडकीतल्या माणसासाठी कळ नसते. म्हणून 1987 चा श्रोतृसमुदाय आजच्या मापाने मोजताच येत नाही. 2020 साली नेमके उलट होते. संच घरोघरी, पण शेजारी शेजाऱ्याच्या घरी जाऊ शकत नव्हता. पहिल्या चैत्रात रामकथेने माणसे एका जागी आणली. दुसऱ्यात ती आपापल्या दाराआड बसून एकाच घटकेला एकच कथा पाहत होती. दोन्ही आकडे शेजारी मांडून ‘वाढ झाली’ अथवा ‘घट झाली’ म्हणणे म्हणजे मणात आणि हातात मापलेल्या दोन जिनसांची तुलना करणे होय.

मग 2020 चे यश कशाने आले? श्रद्धा होती, यात संशय नाही. तिच्याबरोबर इतर कारणेही होती. चित्रीकरणे 19 मार्चपासूनच बंद झाली होती, त्यामुळे इतर वाहिन्यांवर चालू मालिकांचे नवे भाग नव्हते. शाळा बंद होत्या. घरात तीन पिढ्या दिवसभर एकत्र होत्या, आणि तिघींना एकत्र बसून संकोचाशिवाय पाहता येईल असे फार थोडे हाती होते. दूरदर्शन विनामूल्य दिसत होते. आजोबांच्या मनात 1987 होते आणि त्यांना ते नातवाला दाखवावयाचे होते. या साऱ्यांतून श्रद्धेचा वाटा किती आणि सक्तीच्या विश्रांतीचा किती, हे आकडा सांगत नाही. सांगूच शकत नाही. जुलैमध्ये मालिकांचे नवे भाग सुरू झाल्यानंतर पहिल्या क्रमांकाचे स्थान पुन्हा खासगी वाहिन्यांकडेच होते. म्हणून त्या तीन महिन्यांत लोकांची श्रद्धा आटली, असे तरी कोण म्हणेल? श्रद्धेचा चढउतार जर दर गुरुवारी प्रसिद्ध होणाऱ्या कोष्टकातून कळता, तर संतांनी एवढे कष्ट घेतलेच नसते.

आता एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधावयाचे आहे. ज्या मालिकेच्या आकड्यांचा एवढा डांगोरा पिटला गेला, ती मालिका घडली तेव्हा यंत्राने टिपलेले असे आकडेच नव्हते. दूरदर्शनचा संशोधन विभाग घरोघरी विचारपूस करी, पत्रे येत. पण मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारे यंत्र नव्हते. मालिका संथ होती. एकेक प्रसंग लांबत जाई, पात्रांचे मुखभाव पुनःपुन्हा दाखविले जात, मध्येच चौपाई गायिली जाई. इंग्रजी वळणाच्या समीक्षकांनी त्या संथपणाची तेव्हा पुष्कळ थट्टा केली. त्यांना हे उमगले नाही की, हा संथपणा कीर्तनाचा आणि रामलीलेचा आहे. पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक आहे त्या श्रोत्यासाठी तो योजिलेला असतो. अशा श्रोत्याला कथेची घाई नसते. मात्र दर आठवड्याला कोष्टक हाती येते आणि ‘अमुक मिनिटाला प्रेक्षक उठून गेले’ असे निर्मात्याला कळते, तर भरताच्या डोळ्यांतील पाणी त्याने एवढा वेळ दाखविले असते काय? मला नाही वाटत.

त्या वेळी लोकांनी आपला कौल वेगळ्या रीतीने दिला. मालिका 52 भागांची ठरली होती, ती 78 भागांपर्यंत वाढली. युद्धकांडाच्या अंती, राज्याभिषेकावर ती संपणार असे कळताच 1988 साली जालंधर येथे सफाई कामगारांनी संप केला. महर्षी वाल्मीकींना आपले आदिपुरुष मानणाऱ्या त्या समाजाचे म्हणणे असे की, उत्तरकांड दाखविल्याविना कथा पुरी होत नाही. उत्तरकांडात वाल्मीकी स्वतः कथेत येतात, सीतेला आश्रय देतात, लवकुशांना वाढवितात. आपला ऋषी ज्या कांडात उभा आहे तेच गाळले जाते, हे त्यांना सहन झाले नाही. पुढे उत्तर रामायणाची मालिका निघाली. हा संप कोणत्या कोष्टकात मांडणार? साडेसात कोटींमध्ये या माणसांचा एकेक ठिपका झाला असता. ते काय मागत होते, हे त्या ठिपक्यातून कोणास कळले नसते.

जाता जाता महाराष्ट्राचीही आठवण करावयास हवी. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची 56 गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, आणि वर्षभर आठवड्याला एक गीत. किती लोकांनी ऐकले याचा आकडा कोणापाशी नाही. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता अशांनाही ती गीते पाठ होती, यावरून काय ते समजावे.

दैवी सिद्धी आणि मानुषी सिद्धी

प्रेक्षकांची परीक्षा हा विषय पाश्चात्त्यांकडून आला असा आपला समज आहे. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय वाचला म्हणजे तो दूर होतो. प्रयोग सिद्धीस गेला हे कशावरून ओळखावे, याचाच तेथे विचार केला आहे. भरतमुनी सिद्धीचे दोन प्रकार सांगतात, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धी ही प्रेक्षकांच्या वाणीवरून आणि शरीरावरून कळते. स्मित, अर्धे हास्य, मोठ्याने हसणे, ‘साधु साधु’ असे उद्गार, आश्चर्याचा ‘अहो’, करुण प्रसंगी ‘कष्टम्’; तसेच अंगावर रोमांच येणे, आसनावरून उठणे, अंगावरचे वस्त्र अथवा बोटातील अंगठी काढून देणे. पाहा, किती बारकाईने मोजणी केली आहे! प्रत्येक रसाची प्रतिक्रिया निराळी नोंदविली आहे. आजच्या यंत्राला संचासमोरचा मनुष्य हसला की रडला, की कळ दाबून झोपी गेला, हे कळत नाही; भरतमुनींच्या प्राश्निकाला कळत असे.

आणि दैवी सिद्धी? रंगमंडप पूर्ण भरलेला असावा, आणि त्यात शब्द नसावा, क्षोभ नसावा, उत्पात नसावा. म्हणजे माणसे खच्चून भरलेली आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. येथे मंडप भरणे ही अट मुनींनी वगळलेली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रिकाम्या मंडपात आपण फार उच्च कला सादर केली असे समाधान मानणाऱ्यांना ते थारा देत नाहीत. संख्या हवी, परंतु ती अर्धी अट आहे. उरलेली अर्धी मोजावयास कान लागतो.

सारा प्रेक्षक एकजिनसी नसतो, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. तरुण शृंगारात रमतो, शूराला युद्ध आणि रौद्र आवडते, अर्थार्थ्याला अर्थाची कथा, विरक्ताला मोक्षाची, वृद्धांना पुराणे आणि धर्माख्याने. म्हणून परीक्षकही एक नेमला नाही: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरणज्ञ, अस्त्रविद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायक, राजसेवक, अशी यादी दिली आहे. राजाचा दरबार कसा असतो हे राजसेवकाने सांगावे, बाण कसा धरतात हे धनुर्धराने. सर्वांची मते एका संख्येत मिसळून टाकण्याचा मोह त्यांना झाला नाही.

प्रयोगात येणाऱ्या विघ्नांना मुनी ‘घात’ म्हणतात. वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, मुंग्या हे दैवी घात. नट स्वतः चुकला तर तो आत्मसमुत्थ. तिसरा प्रकार परसमुत्थ, म्हणजे इतरांनी घडवून आणलेला: खोटे हसणे, आरडाओरडा, शेण आणि ढेकळे फेकणे. त्याची कारणे देताना मत्सर, द्वेष, पक्षपात यांच्या जोडीला ‘अर्थभेद’ दिला आहे. अर्थभेद म्हणजे पैशाने फोडलेला प्रेक्षक. वर ज्या स्थळाचा उल्लेख केला ते हे. मुंबईतील आरोपांची वार्ता वाचली तेव्हा मी पोथी काढून हा भाग पुन्हा पाहिला, आणि मुनींच्या व्यवहारज्ञानास मनोमन नमस्कार केला.

कीर्तनाच्या उंबऱ्यावर

हा सारा ऊहापोह पांडित्यासाठी केलेला नाही. हे कोष्टक आता देवळाच्या उंबऱ्याशी आले आहे. कृष्णाकाठच्या ज्या क्षेत्री मी राहतो, तेथे गेली काही वर्षे उत्सवातील कीर्तने मोबाईलवर चित्रित करून सर्वांसाठी ठेवली जातात. त्यामुळे परगावी आणि परदेशी गेलेल्या लेकी-सुनांना घरबसल्या कीर्तन ऐकावयास मिळते, याचा मला आनंदच आहे. परंतु प्रत्येक चित्रणाखाली किती जणांनी पाहिले ते दिसते, आणि ते कोठे बंद केले तेही चित्रण करणाऱ्या मुलांना कळते. एका देवस्थानच्या उत्सव समितीतील तरुण सभासदांनी या आकड्यांचा कागद माझ्यापुढे ठेवला. मुले सालस आहेत. ‘बुवा, रागावू नका’ असे म्हणूनच त्यांनी कागद उलगडला. लंकादहनाचा अकरा मिनिटांचा तुकडा हजारोंनी पाहिलेला. भरतभेटीचे संपूर्ण आख्यान पाहणारे शंभराच्या आत, आणि त्यांतील बहुतेक पूर्वरंगातच उठून गेलेले. त्यांचे म्हणणे असे की, यंदा भरतभेट वगळावी आणि दोन दिवस लंकादहन ठेवावे.

त्यांचा कागद मी खोटा म्हणत नाही. पूर्वरंगात लोक उठतात, तर निरूपण आवरते घ्यावे, हा त्यातला बोध घेण्यासारखा आहे आणि मी तो घेतला आहे. परंतु भरतभेटीच्या रात्री मंडपात काय घडते ते त्या कागदावर नव्हते. पादुका मस्तकी घेऊन भरत माघारी फिरतो, त्या ठिकाणी झांज थांबते, पेटीही थांबते, आणि बराच वेळ कोणी खोकतसुद्धा नाही. मागच्या खांबाशी बसलेले, वाटणीवरून वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे दोघे भाऊ मी तेथे पाहिले आहेत. दोघांचीही मान खाली होती. ते पुढे बोलू लागले की नाही, मला ठाऊक नाही. मोबाईलवर पाहणाऱ्याला तो खांब दिसत नाही, आणि शांतता ऐकू आली तर तो यंत्र बिघडले असे समजून पुढे जातो.

मी मुलांना एवढेच सांगितले की, लंकादहन दोन दिवस जरूर ठेवा. मारुतिरायाची कथा सांगावयास मला कधीच कंटाळा नाही. मात्र दुसरा दिवस सप्तमीचा धरा. षष्ठीला रात्री नऊ वाजता भरतभेट होईल. समितीने ते मान्य केले आहे, आणि त्या रात्री चित्रण करावे की न करावे, यावर त्यांची चर्चा अजून चालू आहे.